तिसरा टक

आमच्या वहिनीचं कोणी कौतुक करायला लागलं की मी उठून पाण्याची मोटर बंद आहे ना ते बघायला जाते. टाकी भरली की ती मोटर आपोआप बंद होते हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी का उठते तेही सगळ्यांना माहीत आहे. तरी आज मीच तिच्याबद्दल सांगायला बसले आहे. दुसऱ्या कोणी सांगितलं तर ते नुसतं गुणगान होईल, आणि तेवढं तिचं पुरेसं झालेलं आहे.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. वयानं माझ्याहून लहान, मानानं मोठी. तिथूनच सुरुवात. दादा लांब पल्ल्याची बस चालवतो, त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस तो घरात फक्त फोनवर असतो. वहिनी लग्नाआधी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. बुटकी, गोल चेहऱ्याची, बोलण्याआधीच हसणारी. मला ती 'वन्सं' म्हणते. हा शब्द आता कोणी वापरत नाही. ती वापरते, आणि तोही अशा लाडानं की मान देतेय का चेष्टा करतेय ते मला अजून कळलेलं नाही.

आमचं वर्कशॉप घराच्या खालीच आहे. बाबा तिथं फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कामं करतात. ब्रेकचं किंवा पंक्चरचं काम घेऊन कोणी आलं, तर त्यानं दातांच्या डॉक्टरकडे चप्पल शिवायला आणल्यासारखं बाबा त्याच्याकडे बघतात. मी काउंटरवर असते. कॉलेज संपलं तेव्हा 'तात्पुरतं बस' म्हणून मला तिथं बसवलं, ती मी अजून बसलेलीच आहे. फोन घ्यायचे, पार्ट मागवायचे, गाडी अजून का झाली नाही याची पटतील अशी कारणं शोधायची. काउंटरच्या बाजूच्या खिडकीतून बाबांचं कामाचं टेबल दिसतं आणि तिथली प्रत्येक खुट्ट ऐकू येते. इतकी वर्षं ऐकून ऐकून गाडी दारात वळली की तिच्या आवाजावरूनच मला कळायला लागलं की आत काय दुखतंय. पण मला विचारतंय कोण?

मला आयुष्यात फार काही नको होतं. ते टेबल हवं होतं. नववीत असताना मी एकदा बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, एक बारीक स्प्रिंग उचलली आणि विचारलं, "बाबा, हे कुठं बसतं?" आई जिन्यावरून म्हणाली, "हात काळे होतील, मग धूत बसशील." बाबांनी माझ्या हातातून स्प्रिंग काढून घेतली आणि म्हणाले, "अभ्यास कर." मी अभ्यास केला. तो कशाच्या कामाला आला ते मला आजवर कळलेलं नाही.

पुढं आई गेली, बाबांचे गुडघे गेले, आणि वहिनी आली. ती आली त्या वर्षीची गोष्ट. बाबा टेबलावर एका गाडीची वॉल्व्ह बॉडी उघडून बसले होते. गिअरबॉक्समधलं तेल कधी कुठल्या वाटेनं सोडायचं ते ठरवणारा तो जाडजूड चपटा भाग. आत गांडुळांनी पोखरल्यासारख्या वाटा आणि त्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या पोलादी गोळ्या. त्यातल्या काही गोळ्या घरंगळून जमिनीवर गेल्या. बाबांना वाकता येईना. वहिनी चहा द्यायला खाली आली होती, ती गुडघ्यांवर बसली, गोळ्या वेचल्या, पदराला पुसल्या आणि म्हणाली, "बाबा, ह्या कुठं बसतात?"

बाबांनी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, स्टूल ओढून दिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रश्न माझा होता. शब्दसुद्धा जवळजवळ माझेच होते. फरक एवढाच की मी पदर खोचलेला नव्हता आणि मी त्यांचीच मुलगी होते.

तेव्हापासून सकाळचा स्वयंपाक उरकला की वहिनी खाली. कॉलर शिवून शिवून तिची बोटं अशी तयार झाली होती की बाबांच्या जाड बोटांना जे चिमट्यानं धरावं लागे ते ती नखानं बसवायची. "बघ गं," बाबा मला खिडकीतून म्हणायचे, "तुझ्या वहिनीचा हात बघ." मी बघायचे. मग मोटर बघायला जायचे.

टॉर्क कन्व्हर्टर त्यांनी तिला ज्या दिवशी समजावून सांगितला, त्या दिवशी तर मी दोन फोन वाजू दिले. फळीवर एक मधोमध कापलेला जुना कन्व्हर्टर होता. लोखंडी भोपळ्यासारखा, आत पात्यांच्या चकत्या. लहानपणी मी त्याला हात लावला की ओरडा बसायचा. बाबांनी तो तिच्या पुढ्यात ठेवला.

"ही चकती इंजिन फिरवतं," बाबा म्हणाले. "ही समोरची गिअरबॉक्सला फिरवते. पण दोघींचा एकमेकींना स्पर्श नाही. मध्ये फक्त तेल. ही फिरली की तेल भोवऱ्यासारखं उठतं आणि त्या समोरचीला ढकलतं. म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहते, तरी इंजिन बंद पडत नाही. आणि ही मधली छोटी चकती परत येणाऱ्या तेलाला वळवून नीट दिशेला धाडते, म्हणून गाडी उठताना जोर वाढतो."

"आणि गाडी पळायला लागल्यावर?" वहिनीनं विचारलं.

"मग आतला एक क्लच दोघींना घट्ट जोडतो. नाहीतर तेल नुसतं घुसळून तापत राहील. तेल तापलं की जळतं, तेल जळलं की बॉक्स गेला. सगळं तेलावर आहे बघ."

वहिनीनं त्या कापलेल्या कन्व्हर्टरकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि म्हणाली, "म्हणजे मी आणि वन्सं. स्पर्श नाही, पण फिरतोय."

बाबा पोट धरून हसले. विनोद चांगला होता, त्याचाच मला जास्त राग आला.

गिऱ्हाइकांनाही तिनं भुरळ घातली. वर्षानुवर्षं मी फोनवर घसा कोरडा करून सांगत आले की इंजिनचं तेल गाडी बंद ठेवून बघतात, तसं गिअरबॉक्सचं बघायचं नाही. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची सळई, असलेल्या बहुतेक गाड्यांत ते गाडी गरम करून, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून बघायचं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका. उतारावर न्यूट्रलमध्ये सोडू नका. कोणाच्या कानात शिरलं नाही. मग एकदा गुरांचे डॉक्टर आले, त्यांना वहिनीनं डिपस्टिक काढून फडक्यावर दोन थेंब टाकून दाखवले. "हे लालसर दिसायला हवं, डॉक्टर. हे तपकिरी झालंय, आणि वास घ्या, करपलाय ना?" एवढंच. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "तुमच्या वहिनी किती छान समजावतात. आजवर हे कोणी सांगितलंच नव्हतं." त्यांना मी स्वतः तीनदा सांगितलं होतं. मी हसून पावती फाडली. जरा जोरात फाटली.

याच डॉक्टरांच्या गाडीवरून पुढचं सगळं झालं. नवं तेल घालूनही गाडी एकसारख्या वेगात चालली की खडीवरून गेल्यासारखी थरथरायची. फोनवर त्यांनी ते सांगितल्याबरोबर मला कळलं, कन्व्हर्टरमधला क्लच धरत नाहीये. मी वहिनीला फक्त म्हटलं, "थरथरते म्हणतात." आयतं का द्यायचं? पण तिनं एक चक्कर मारून तेच निदान केलं. बॉक्स उतरवायचा, कन्व्हर्टर बदलायचा.

बाबांनी त्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "हा बॉक्स तू एकटीनं बसव. मी बघायलाही येणार नाही. नीट झाला तर यापुढं टेबल तुझं. मी आता नुसता खुर्चीत बसणार."

मी उठून मोटर बघून आले. टेबल तुझं. नीट झाला तर. मी रात्रभर त्या दुसऱ्या वाक्याला धरून झोपले. नीट नाही झाला, तर टेबल रिकामं राहणार होतं.

आता कन्व्हर्टर बसवण्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बॉक्स टेबलावर उभा करायचा, तोंड वर. त्यात तेलानं जड झालेला कन्व्हर्टर सोडायचा आणि गोल फिरवत दाबायचा. तो एका दमात बसत नाही. आत तीन ठिकाणी दाते जुळावे लागतात, आणि प्रत्येक वेळी तो थोडा खाली घसरतो. टक. परत फिरवा. टक. परत फिरवा. टक. तिसरा टक म्हणजे तेलाच्या पंपाशी जुळला. तो तिसरा झाला नाही आणि तसाच बॉक्स इंजिनला लावून बोल्ट आवळले, तर कन्व्हर्टर मागं रेटला जाऊन पंप फोडतो. वरून काहीच दिसत नाही. दोनवर थांबलेला आणि तीनवर बसलेला यात बोटभराचा फरक. शहाणी माणसं पट्टी लावून खोली मोजतात. बाबांनी कधी पट्टी लावली नाही. पट्टी लावणाऱ्यांना ते हसायचे. "कान कशाला दिलेत?" म्हणायचे. वहिनीनं हेही त्यांचंच उचललं होतं.

तर त्या दिवशी बाबा गुडघे दाखवायला दवाखान्यात गेलेले. वहिनी टेबलापाशी, केस बांधून, बाह्या सारून. मी काउंटरवर चहा घेत होते. बघत नव्हते, असं दाखवत होते.

तिनं कन्व्हर्टर सोडला. फिरवला. टक. मी कपातला चहा फुंकला. तिनं परत फिरवला, खांद्याचा जोर लावला. टक. ती दम घ्यायला थांबली, मग पुन्हा फिरवायला लागली. मी चहा संपवला आणि कप काउंटरच्या काचेवर ठेवला.

टक.

वहिनीनं हात काढले, फडक्याला पुसले आणि समाधानानं मान हलवली.

तो माझा कप होता. माझ्या कपाचा आवाज तिनं तिसरा म्हणून धरला होता. या जगात फक्त मला माहीत होतं की तो कन्व्हर्टर दोनवर बसलाय.

तिनं बॉक्सला पट्टा बांधला, ट्रॉलीच्या जॅकवर आडवा घेतला, लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली ढकलत नेला. जॅकची चाकं कुरकुरत होती आणि माझ्या डोक्यात एकच गणित चाललं होतं. मी काही केलेलं नव्हतं. कोणी मला बोट दाखवणार नव्हतं. पंप फुटला की बाबा येतील, बघतील, आणि टेबलाकडे बघून गप्प बसतील. कदाचित मग त्यांना खिडकी दिसेल.

वहिनी गुणगुणत होती. बेसूर. तिनं बॉक्स वर चढवला, इंजिनला भिडवला, दोन बोल्ट हातानं लावले आणि पाना उचलला.

इथं मी मोठ्या मनानं धावत गेले असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे, पण तसं काही नव्हतं. मला तिची दया आली नाही. मला आला तो संताप. माझा प्रश्न तिनं घेतला, माझं टेबल तिला मिळालं, आणि आता माझ्या कपाचा टकसुद्धा तिच्याच खात्यात जमा. हे मात्र मला सहन होईना.

"तिसरा माझा होता," मी खिडकीतून ओरडले.

वहिनी वळली. "काय?"

"तिसरा टक माझ्या कपाचा होता. तुझे दोनच झालेत. पाना ठेव खाली."

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, तुम्हाला काय कळतंय. मी तिच्या जागी असते तर नक्की म्हणाले असते. वहिनीनं पाना ठेवला, बोल्ट सोडले, बॉक्स मागं घेतला आणि कन्व्हर्टरवर हात ठेवून फिरवायला लागली. फिरवला, दाबला. काही नाही. परत. तिच्या कपाळावर घाम आला. "बसलाय असंच वाटतंय, वन्सं," ती हळूच म्हणाली. "नाही बसलेला," मी म्हटलं, आणि मला कळायच्या आत मी काउंटरच्या बाहेर होते.

मी आयुष्यात पहिल्यांदा अख्ख्या कन्व्हर्टरला हात लावला. तो ऐकताना वाटायचा त्याहून फार जड होता, आणि तेलानं बुळबुळीत. बोटं सटकली, नख तुटलं, मी तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. वहिनीनं खालून भार उचलून धरला. मी डोळे मिटले आणि फिरवताना आतलं ऐकत राहिले. दात्यावर दाता घासत होता, बसत नव्हता. जरासा बाहेर ओढला, किंचित उलटा फिरवला, आणि हलकेच आत सोडला.

टक. तो माझ्या तळहातातून कोपरापर्यंत आला. इतकी वर्षं मी तो कानानं ऐकत होते, तो हाताला लागतो हे मला माहीतच नव्हतं. मला इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं, म्हणून मी वहिनीवर खेकसले, "आता बघतेस काय? फिरवून बघ, मोकळा फिरतो का." ती पट्टी घेऊन आली. खोली मोजली. बरोबर होती.

"वन्सं, तुम्ही हे कधी शिकलात?"

"तू शिकत होतीस तेव्हा," मी म्हटलं. "आणि त्याच्या आधीपासून."

एवढ्यात बाबा रिक्षातून उतरले. माझे काळे हात त्यांनी पाहिले, मागं घेतलेला बॉक्स पाहिला. वहिनीनं त्यांना खुर्ची दिली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. "मी चुकले, तिसरा झालाच नव्हता, वन्संनी ऐकला, वन्संनीच बसवला, नाहीतर पंप गेला होता."

मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना धक्का बसेल, डोळे मोठे होतील, याची मी नववीपासून वाट बघत होते. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"ऐकणारच," ते म्हणाले. "तिचा कान लहानपणापासून तसा आहे. वरून ओरडून सांगायची, बाबा, तुमचा छोटा पाना पडला. म्हणून तर तिला इथं बसवली. ती काउंटरवर असली की मी कुठं गेलो तरी काळजी नसते."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"न कळायला काय झालं."

"मग मला शिकवलं का नाही?"

बाबा गुडघा चोळायला लागले. "तू जाणार होतीस," ते म्हणाले. "लग्न होऊन. मुलीला शिकवायचं म्हणजे हात दुसऱ्याच्या घरी पाठवायचा. सून घरातच राहते, म्हणून..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

स्थळं आली होती, गेली होती. आईचं आजारपण, बाबांचे गुडघे, दादाची बस. माझे कानशिलावरचे केस पिकायला लागलेत.

"मी कुठं गेले, बाबा?" मी म्हटलं.

काउंटरवरचा फोन वाजत होता, तो वाजून वाजून थांबला. मला वाटलं वहिनी आता काहीतरी गोड बोलणार, आणि ती बोलली तर मी तिला पाना फेकून मारणार. ती म्हणाली, "वन्सं, बोल्ट तुम्ही आवळता का? मला बॉक्स धरायचाय. दोन्ही एकटीला जमत नाही."

हे खोटं होतं. बॉक्स जॅकवर होता, त्याला धरायची काही गरज नव्हती, आणि मघाशी ती एकटीनंच आवळायला निघाली होती. तिचा हा समजूतदारपणाच मला खुपतो. मनासारखा रागही करू देत नाही बाई. पण पाना मी घेतला. तिनं बॉक्स परत इंजिनला भिडवला. पहिला बोल्ट लावला, आवळला, आणि शेजारच्या बोल्टकडे वळले.

बाबा खुर्ची सरकवत जवळ आले होते, इतके जवळ की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या हाताकडे ते बघत राहिले, मग नजर वळवून वहिनीला म्हणाले, "तिला सांग, शेजारशेजारचे नाही. समोरासमोरचे आवळ म्हणावं."

आणि वहिनीनं मला सांगितलं.